अनेक भागांच्या वस्तूंसाठी इंग्रजी विशेषणं: या चुका टाळा

मराठीतलं ‘गुंतागुंतीचं’ यंत्राला चालतं, नात्याला चालतं आणि भरायला वैताग आणणाऱ्या अर्जालाही चालतं. इंग्रजीत या तिन्हींना एकच विशेषण लावलं की काहीतरी खटकतं. भाग किती आहेत, हे सांगून तिथे भागत नाही. ते भाग एकमेकांशी कसे जोडले आहेत, सुटे होतात का, त्यांचा त्रास होतो का, यावर शब्द ठरतो.

कॉम्प्लेक्स की कॉम्प्लिकेटेड

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘कॉम्प्लेक्स’ रचनेबद्दल बोलतं: भाग पुष्कळ, आणि एक हलला की दुसऱ्यावर परिणाम. मेंदू कॉम्प्लेक्स, हवामान कॉम्प्लेक्स. या शब्दात सहसा तक्रार नसते. ‘कॉम्प्लिकेटेड’मध्ये ती बहुतेकदा असते: समजायला अवघड, हाताळायला अवघड. म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय डिझाइन्ड अ कॉम्प्लिकेटेड सिस्टिम’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला आधी ती सिस्टिम वापरणाऱ्यांची दया येईल. तिथे ‘कॉम्प्लेक्स’ लिहा. उलट, सूचनापत्रक डोक्यावरून जात असेल तर ‘द इन्स्ट्रक्शन्स आर टू कॉम्प्लिकेटेड’ हे अगदी बरोबर. ‘हे सोपं करता आलं असतं’ असा सूर मनात असेल तर कॉम्प्लिकेटेड, नाहीतर कॉम्प्लेक्स. या कसोटीवर बहुतेक वाक्यं सुटतात. वैद्यकात मात्र ‘कॉम्प्लिकेटेड’ला वेगळा अर्थ आहे: मूळ आजारात आणखी एखादी अडचण उद्भवलेली. तिथे हा शब्द बदलू नका.

जवळच्या आणखी तीन छटा. बारीक, नाजूक भागांची गुंफण असेल तर ‘इंट्रिकेट’: जाळीचं नक्षीकाम, घड्याळाच्या आतली चक्रं. मेहनतीने, तपशिलात जाऊन केलेलं असेल तर ‘इलॅबरेट’. कधीकधी त्यात ‘जरा जास्तच झालं’ हेही ऐकू येतं. वळणावळणाचं, वाचून डोकं भणभणेल असं असेल तर ‘कॉन्व्हल्यूटेड’. हा शब्द युक्तिवादाला, कथानकाला, लांबलचक वाक्याला लागतो आणि त्यात कौतुक नसतं.

‘संयुक्त’ दिसलं की ‘कंपाउंड’ लिहिणं

ही खास मराठी माध्यमाची अडचण. ‘संयुक्त’ला बहुतेक ठिकाणी ‘कंपाउंड’ चालतं: संयुक्त पान म्हणजे कंपाउंड लीफ, कीटकाचा संयुक्त डोळा म्हणजे कंपाउंड आय, संयुक्त सूक्ष्मदर्शक म्हणजे कंपाउंड मायक्रोस्कोप, संयुक्त वाक्य म्हणजे कंपाउंड सेंटेन्स. पण 4, 6, 8, 9 या संयुक्त संख्या इंग्रजीत ‘कॉम्पोझिट नंबर्स’ होतात, ‘कंपाउंड’ नाही. मिश्र वाक्य आणि संमिश्र संख्या या दोन्हींना पुन्हा ‘कॉम्प्लेक्स’. हे तर्काने काढता येत नाही. विशेषण आणि नाम जोडीनेच पाठ करावं लागतं.

वस्तूंच्या बाबतीत मात्र थोडा तर्क लावता येतो. रसायनशास्त्रातलं कंपाउंड म्हणजे मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधाने एक झालेली; पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं वजनी प्रमाण साधारण 1:8 असतं आणि पाण्याचे गुण त्या दोघांपेक्षा वेगळे असतात. कॉम्पोझिट पदार्थात घटक एकत्र काम करतात, पण आपापलं रूप टिकवून. फायबरग्लासमध्ये काचेचे तंतू आणि राळ सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे दिसतात. काँक्रीटमध्ये खडी तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. म्हणून या दोन्हींना ‘कॉम्पोझिट मटेरियल’ म्हणायचं.

धोक्याची जागा: ‘कंपाउंड फ्रॅक्चर’ म्हणजे हाडाचे अनेक तुकडे होणं, हा समज चुकीचा आहे. मोडलेल्या हाडापर्यंत पोचणारी उघडी जखम असेल तर कंपाउंड किंवा ओपन फ्रॅक्चर. तुकडे झाले असतील तर ‘कॉमिन्यूटेड’. अहवालाचा अनुवाद करताना ही चूक महागात पडू शकते.

आणि ‘व्हेरी कॉम्पोझिट’, ‘मोर कंपाउंड’ असं लिहू नका. ही विशेषणं प्रकार सांगतात, प्रमाण नाही. ‘व्हेरी कॉम्प्लेक्स’ चालतं.

आकडा आला की अनेकवचन घुसतं

‘अ थ्री-पार्ट्स फॉर्म’ चूक, ‘अ थ्री-पार्ट फॉर्म’ बरोबर. नामाआधी आकडा आणि भाग मिळून विशेषण झालं की भागाचं नाम एकवचनी राहतं आणि मध्ये जोडरेघ येते: टेन-व्हॉल्यूम सेट, फाइव्ह-स्टोरी बिल्डिंग. क्रियापदानंतर आलं तर रचना सोडवा: ‘द फॉर्म हॅज थ्री पार्ट्स’. पाय, बाजू, चाकं असं वस्तूच्या अंगाचं काही सांगायचं असेल तर शेवटी ‘-ड’ लागतो: थ्री-लेग्ड स्टूल, सिक्स-साइडेड, फोर-व्हील्ड कार्ट. ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ला तो लागत नाही, कारण तिथे ‘ड्राइव्ह’ला चार चाकं नाहीत, इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, एवढंच सांगायचं असतं.

‘मल्टी-’ आणि ‘मल्टिपल’ हे असेच घोटाळा करतात. ‘अ मल्टी-पार्ट फॉर्म’ पण ‘मल्टिपल पार्ट्स’. ‘मल्टिपल पार्ट’ असं लिहिलेलं दिसलं की ‘स’ राहिलाय असं समजा. ‘व्हेरियस’नंतर अनेकवचनच हवं, एकाच संग्रहात विविधता असेल तर ‘अ व्हेरीड कलेक्शन’. ‘असॉर्टेड’ एकमेकांना न जोडलेल्या वस्तूंना लावतात. डब्यात असॉर्टेड स्क्रू असतात, यंत्रात असॉर्टेड भाग नसतात. असलेच तर ते यंत्र चालायचं नाही.

सुटं होणारं आणि न होणारं

‘मॉड्युलर’ म्हणजे भाग बदलता, वाढवता, काढता येतात. नुसते बरेच भाग आहेत म्हणून वस्तूला मॉड्युलर म्हणणं ही जाहिरातीतली सवय. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे वेगळे भाग एकत्र आणून एकजीव केलेले. ‘इंटिग्रल’ म्हणजे ज्याच्याशिवाय पूर्ण वस्तू अपुरी, असा भाग. पूर्ण यंत्राला ‘इंटिग्रल सिस्टिम’ म्हटलं तर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणायचं असतं.

विशेषण जमलं, पण क्रियापद फसलं

वाक्य पुढे नेताना ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ आणि ‘इज कन्सिस्टिंग ऑफ’ हे दोन्ही हमखास येतात आणि दोन्ही चुकतात. हवं ते ‘कन्सिस्ट्स ऑफ’. ‘कंपोझ्ड ऑफ’ला मात्र ‘इज’ लागतं. ‘कम्प्राइझेस’नंतर ‘ऑफ’ नको; ‘इज कम्प्राइझ्ड ऑफ’ शब्दकोशांत नोंदलेलं आहे, पण अनेक संपादक ते खोडतात, तेव्हा औपचारिक लेखनात टाळलेलं बरं. भागांची पूर्ण यादी देत असाल तर ‘कम्प्राइझेस’, काहींचीच देत असाल तर ‘इन्क्लूड्स’. सुट्या भागांच्या यादीत हा फरक चुकला, तर समोरचा उरलेले भाग शोधत बसतो.

उच्चारात दोन गोष्टी पुरे. ‘इलॅबरेट’ विशेषण असताना शेवट आखूड, जवळजवळ ‘इलॅबरट’. क्रियापद असताना पूर्ण ‘रेट’. ‘इंट्रिकेट’चा शेवटही तसाच आखूड, ‘किट’कडे झुकणारा. आणि ‘कंपाउंड’ नाम किंवा विशेषण असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.