स्विच दाबण्याआधी अंदाज लिहून घ्या

विद्युत परिपथ शिकवताना कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फार कामाला येतात. ती फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. फाइल घरीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेली की शाळेत नेट नसलं तरी अडत नाही.

फक्त प्रोजेक्टर लावल्या लावल्या स्विच दाबू नका. स्क्रीनवर एक सेल आणि एकसर जोडणीत (एकापुढे एक) दोन सारखे दिवे मांडा आणि विचारा: कुठला जास्त उजळेल? उत्तर वहीत, पेनानेच लिहायला लावा, म्हणजे नंतर खोडता येत नाही. पुष्कळ मुलांना वाटतं की वीज पहिल्याच दिव्यात थोडी 'संपते'. (मोठ्यांनाही वाटतं, ते बोलत नाहीत इतकंच.) मग चुकीचा अंदाज लिहिलेल्या एखाद्याच्या हाती माउस द्या. दिवे सारखेच पेटतात. अमीटर (विद्युतधारा मोजणारं उपकरण) दिव्यांच्या आधी, मधे आणि नंतर लावून बघू दे; आकडा तोच येतो. असं का, हे मुलांनाच आपसात भांडून ठरवू द्या. तुम्ही गप्प राहा, हे जरा जड जातं.

शेवटची दहा मिनिटं प्रोजेक्टर बंद. खरा सेल, टॉर्चचे दोन दिवे, वायर. स्क्रीनवर वायर कधी सैल होत नाही, बाकावर होते. दोन दिवे वेगळ्या बनावटीचे असले तर सारखे उजळतही नाहीत, आणि मग तासाची घंटा झाली तरी प्रश्न थांबत नाहीत.