पुस्तक आवडलं? मग दुकानाची वाटपण सांगा

मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरात घेतलेल्या एका पुस्तकाबद्दल मी पोस्ट टाकलेली, फोटो झकास, खाली चार ओळी आणि शेवटी फक्त "महाद्वार रोडला मिळालं" एवढंच. गडहिंग्लजचा एक पोरगा ती वाचून एसटीनं आला, भर दुपारी अख्खा रोड पालथा घातला आणि रिकाम्या हातानं परत गेला, कारण दुकान आत बोळात आणि दुपारी शटर खाली. रात्री त्याचा मेसेज, "दादा, दुकान सापडलंच नाही ओ." लई वाईट वाटलं मला. तेव्हापासून पोस्ट लिहिताना एकच बघतो, की ती वाचून एखादा उठला तर थेट दुकानाच्या दारात पोचला पाहिजे.

आधी पुस्तकाचं सांगतो. "अप्रतिम", "निःशब्द", "नक्की वाचा" असलं लिहू नका, त्यातनं समोरच्याला काहीच कळत नाही. पुस्तकात काय आहे आणि तुम्ही कुठं थांबलात ते लिहा. आता समजा कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' सुचवायचंय, तर "ग्रामीण जीवनाचं विदारक चित्रण" हे वाक्य हजारदा वाचून झालंय, त्यापेक्षा "शाळा शिकायची म्हणून घरच्यांशी, गरिबीशी झगडणाऱ्या पोराची खरी गोष्ट, आणि बोली आपल्याच भागातली" असं लिहिलं की ज्याला वाचायचंय त्याला बरोबर कळतं. कुणाला कदाचित आवडणार नाही तेपण मोकळेपणानं लिहा. सुरुवात संथ असली तर संथ म्हणा, त्यानं तुमच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसतो.

नाव देवनागरीत लिहाच पण इंग्रजी अक्षरांतपण टाका. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' शोधताना कोण 'Mrutyunjay' लिहितंय कोण 'Mrityunjay', दोन्ही स्पेलिंग दिली की सर्चमध्ये सापडतं. लेखक, प्रकाशन, आवृत्ती आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, हे सगळं आतल्या प्रकाशनाच्या पानावर छापलेलं असतं, तिथनं बघून लिहायचं, आठवणीतनं नको. किंमत लिहिली तर आवृत्तीचं सालपण लिहा, कारण नवीन आवृत्तीला किंमत वाढलेली असते आणि मग लोक दुकानदाराशी हुज्जत घालतात.

फोटो खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद. लॅमिनेशनच्या कव्हरवर ट्यूबचा उजेड चमकतो आणि नावच दिसत नाही. कव्हर आणि मागची बाजू, दोन फोटो बास. आतली पानंच्या पानं टाकू नका.

आता दुकान, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं लोकेशन पाठवून भागत नाही, आपल्याकडं पत्ता खुणेनंच सांगतात. बिंदू चौकातनं आत कुठल्या अंगाला वळायचं, कोपऱ्यावर चहाची गाडी आहे का मेडिकल, दुकान खाली का जिन्यानं वर, गाडी कुठं लावायची, हे लिहा. दुपारी बंद असतं का आणि सुट्टीचा वार कुठला ते दुकानातच विचारून घ्या. जुनी पुस्तकं ठेवतात का, नसलेलं पुस्तक पुण्यातनं मागवून देतात का, कुरिअर करतात का, तेपण विचारा. पण फोटो काढायच्या आणि नंबर टाकायच्या आधी गल्ल्यावरच्या काकांना विचाराच. बरेचसे खुशीनं हो म्हणतात, एखादा म्हणतो दुकानाचा नंबर टाका, मोबाईलचा नको, मग तसंच करायचं.

मी ती पोस्ट अशी दुरुस्त केली आणि त्या पोराला दुकानाचा नंबर पाठवला. पुढच्या शनिवारी तो आधी फोन करून आला. काकांनी पुस्तक बाजूला काढून, वर त्याच्या नावाची चिठ्ठी खोचून ठेवलेलं. जाताना दोन पुस्तकं जास्तीची घेऊन गेला.

पोस्टखाली "पीडीएफ आहे का" विचारणारे येणारच. चिडू नका, नीट सांगा. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षं पुस्तकावर कॉपीराइट, म्हणजे छापायचा-वाटायचा हक्क राहतो. वि. स. खांडेकर आपल्या कोल्हापूरचे, ते १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांच्या पुस्तकांवर हक्क आहे. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लिखाण मोकळं झालंय, ते खुशाल वाटा. आणि पैशाची अडचण असणाऱ्याला लायब्ररी सुचवा, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, बाजारात न मिळणारं जुनं पुस्तकपण आधी तिथं विचारून बघायला सांगा.

शेवटचं म्हणजे पोस्ट टाकून विसरू नका. दुकानं जागा बदलतात, वेळा बदलतात. मी दर दोन-तीन महिन्यांनी चक्कर मारतो तेव्हा जुन्या पोस्टमध्ये वरच लिहितो, "अमुक तारखेला जाऊन आलो, दुकान चालू आहे, दोन कॉपी शिल्लक." तारीख मात्र टाकाच, नाहीतर वर्षानंपण कोणतरी त्या दोन कॉप्या मागायला जातंय.