सोसायटीतील बाहेर पडण्याचे दरवाजे आणि कुलपे कशी तपासावीत

पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअर बाजारात जाऊन भक्कम कुलूप निवडण्याआधी सोसायटीच्या समितीने मंजूर नकाशा आणि मोजपट्टी हातात घ्यावी. आपण दरवाजाचा विचार चोराला धरून करतो, तर राष्ट्रीय इमारत संहिता 2016 तो धुरात चाचपडणाऱ्या माणसाला धरून करते.

संहितेनुसार बाहेर पडण्याच्या मार्गावरील दरवाजा किमान 1000 मिलिमीटर रुंद आणि 2000 मिलिमीटर उंच असावा लागतो. सभागृहासारख्या गर्दीच्या इमारतींत रुंदी 2000 मिलिमीटर लागते. रुंदी मोजताना चौकटीच्या बाहेरच्या कडा धरू नयेत. फळी काटकोनात उघडून तिच्या पृष्ठभागापासून चौकटीच्या समोरच्या पट्टीपर्यंतचे मोकळे अंतर मोजावे, कारण माणूस तेवढ्यातूनच जातो आणि फळीची जाडी इंच-दीड इंच सहज खाते. व्हीलचेअरसाठी 900 मिलिमीटरची मोकळी वाट लागते आणि उंबरठा 12 मिलिमीटरपेक्षा वर असू नये.

कुलपाचा नियम एका वाक्याचा आहे: ज्या बाजूने माणसे बाहेर पडतात, त्या बाजूने दरवाजा किल्लीशिवाय उघडला पाहिजे. आतूनही किल्ली लागणारे कुलूप, कडी-कोयंड्याला लावलेले टाळे किंवा रात्री साखळीने बांधलेली सरकती जाळी या कसोटीला उतरत नाही. जुन्या वाड्याच्या दरवाजाला आतून घातलेला अडसर किल्लीशिवाय निघत असे, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हणता येईल. बाहेरून कुलूप आणि आतून खाली दाबायची मूठ, किंवा गर्दीच्या जागी अंगाच्या रेट्याने उघडणारा पॅनिक बार, अशी जोडणी सुताराकडून करून घ्यावी. मूठ गोल घेऊ नये. ओल्या किंवा संधिवाताच्या हाताला ती फिरत नाही. गच्चीचा दरवाजा मंजूर नकाशात सुटकेच्या मार्गावर दाखवलेला असेल, तर त्यालाही हेच लागू होते.

सुटकेच्या मार्गावरील दरवाजा बाहेरच्या दिशेने उघडावा, परंतु उघडल्यावर त्याने जिन्याची किंवा चौकाची (जिन्याच्या लँडिंगची) आवश्यक रुंदी कमी करू नये, आणि तो थेट पायऱ्यांवर उघडू नये. चौकात उघडणारा जाळीचा सेफ्टी डोअर बहुतेक ठिकाणी याच कारणाने अडचणीचा ठरतो. शेजाऱ्याचा दरवाजा एकाच वेळी उघडून पाहिला की ते लगेच कळते.

जिन्याचा अग्निरोधक दरवाजा, ज्याने 120 मिनिटे आग थोपवावी अशी संहितेची अपेक्षा आहे, डोअर क्लोजरने आपोआप बंद झाला पाहिजे. त्याला वीट किंवा कुंडी लावून ठेवली की जिन्यात धूर भरतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये आगीपासून बचावाच्या व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्या तपासणीच्या वेळी प्रत्येक दरवाजा प्रत्यक्ष उघडून दाखवण्याचा आग्रह समितीने धरावा.