चिखलणीआधी टॅपेट बघा : रोहिणीत करायची इंजिनाची कामं

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणच्या ग्रामीण पट्ट्यात राब (भाताची रोपं करायची जागा) भाजून झाले आहेत. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला. मृगात भात टाकलं की २१ ते २५ दिवसांत रोप लावणीला येतं. म्हणजे पॉवर टिलर (चिखलणीचं यंत्र) आणि वीडर (मशागतीचं छोटं यंत्र) खरे राबणार ते जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून. आज ते पडवीत ताडपत्रीखाली उभे आहेत, इंजिन गार आहे, हात कोरडे आहेत. कामाला हीच वेळ बरोबर. चिखलणी सुरू झाली की सरळगाव काय, टोकावडे काय, किन्हवली काय, कुठलाच मिस्त्री मोकळा सापडत नाही. आणि खाचरात पाणी असताना दोन दिवस वाया गेले, तर राबातलं रोप तुमच्यासाठी थांबत नाही.

ऑइल बदला, फिल्टर धुवा, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. टॅपेटचा गॅप, म्हणजे इंजिनाच्या झडपेवर (व्हॉल्व्हवर) ठेवलेली बारीक फट, मात्र कोणी बघत नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझा वीडर सकाळी एका झटक्यात चालू व्हायचा. दुपारी जेवायला बंद केला की पुन्हा चालू होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून यायचा. तासभर गार झाला की पुन्हा पहिल्या झटक्याला तयार. गॅरेजात आधी प्लग बदलला, मग कार्ब्युरेटर धुतला, मग नवा कार्ब्युरेटर बसवला. फरक शून्य. लावणीला सांगितलेल्या बायका चार दिवस बांधावर बसून परत गेल्या. शेवटी हेडचं कव्हर उघडलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेला) गॅपच उरला नव्हता. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पत्त्यांच्या जुडग्यातली, सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा आत जाईना. गॅप करून भागलं नाही, कारण तोवर व्हॉल्व्हची कड जळून गेली होती. हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलावा लागला. पंधरा मिनिटांच्या कामासाठी लावणीचा अख्खा आठवडा गेला.

असं होतं कारण व्हॉल्व्ह गरम झाला की लांबीला वाढतो. त्या वाढीला जागा हवी, म्हणून गार इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. एक्झॉस्टमधून जळलेला वायू जातो, तो जास्त तापतो, म्हणून त्याचा गॅप बहुतेक इंजिनांत इनटेकपेक्षा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा) मोठा असतो. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा थोडा रुतत जातो आणि फट कमी होते. फट संपली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं आणि आगीची धग त्याच्या कडेला लागत राहते. मिटलेला असताना व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊन गार होतो. तेच बंद झालं की कड जळते.

उलट रॉकर किंवा दांडी झिजून फट वाढली, तर इंजिन टिकटिक वाजतं, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, ताकद घटते. वाजणारा टॅपेट सगळ्यांच्या कानाला कळतो आणि तो लगेच गॅरेजात नेला जातो. घट्ट झालेला टॅपेट गप्प असतो. ‘इंजिन किती शांत चालतंय’ म्हणून आपण खूश असतो आणि आत व्हॉल्व्ह जळत असतो. गारेवर झटक्यात चालू, गरम झाल्यावर चालू होत नाही, असं लक्षण दिसलं की कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी गॅप मोजा.

आता प्रत्यक्ष काम. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल वीडरांवर होंडा जीएक्स १६० किंवा त्याच घडणीचं १६३ सीसीचं इंजिन असतं. त्याचा गॅप सहसा इनटेकला ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी, दोन्हीकडे ०.०२ मिमी कमी-जास्त चालतं. हे आकडे पूर्ण गार इंजिनाचे आहेत, म्हणून रात्रभर उभं असलेलं इंजिन सकाळी उघडा. वहीचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, यावरून हे काम किती बारीक आहे ते लक्षात येईल. दाढीच्या ब्लेडने अंदाज घेऊन टॅपेट करणारे मिस्त्री आहेत. ते करू देऊ नका. फीलर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एकदा घेतला की जन्मभर पुरतो.

पहिल्यांदा प्लगची टोपी काढून बाजूला करा, म्हणजे चुकून इंजिन चालू व्हायची भीती नको. प्लग काढा, हेडच्या कव्हरचे बोल्ट काढा. कव्हरचं पॅकिंग फाटू न देता सोडवा, फाटलं तर नवंच घाला. आता प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दोरी अगदी हळू ओढा. अंगठ्याखालून हवेचा जोर आला की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतोय. भोकात प्लॅस्टिकची नळी सोडून तो किती वर आला ते बघत राहा आणि तो सगळ्यात वर येईल तिथेच थांबा. घाईने जरा अलीकडे थांबलात तर माप चुकेल, कारण दोरी हलकी जावी म्हणून या इंजिनांत डिकॉम्प्रेशनची सोय असते आणि ती कॉम्प्रेशनच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. बरोबर जागी दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. एकही घट्ट लागला तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

पत्ती रॉकर आणि दांडीच्या मध्ये सरकवा. तेलाचा हात लागलेला कागद वहीच्या पानांतून ओढावा तशी हलकी ओढ हाताला जाणवली पाहिजे. भस्सकन गेली तर गॅप जास्त, वाकायला लागली तर कमी. लॉक नट सैल करून मधला नट फिरवा, ओढ बरोबर आली की मधला नट धरून लॉक नट आवळा. मग पत्ती पुन्हा घालून बघाच. लॉक नट आवळताना गॅप हमखास बदलतो आणि नवशिक्याची चूक नेमकी इथेच होते. दोनदा-तीनदा करावं लागलं तरी कंटाळू नका.

टिलरच्या डिझेल इंजिनाचं तत्त्व हेच, पण आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा. तो पुस्तिकेत बघूनच घ्या, शेजाऱ्याच्या टिलरचा आकडा आपल्या टिलरला लावू नका. शहापूर-मुरबाडकडे फळबागेत, फार्महाऊसवर आता एटीव्हीही दिसतात. त्यांच्या बहुतेक इंजिनांत स्क्रू आणि लॉक नटच असतात, काहींत मात्र शिम (गॅप ठरवणारी पातळ चकती) असते. शिम असेल तर ते काम जाणत्याकडे द्या. एटीव्हीने ओढा ओलांडल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडून आत पाणी गेलंय का ते बघायची सवय ठेवा.

किती दिवसांनी बघायचं? जीएक्स १६० साठी ३०० तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. स्वतःच्या दोन-तीन एकरांना ३०० तास व्हायला दोन-तीन हंगाम जातील, तरी वर्षातून एकदा बघाच. जो वीडर भाड्याने देतो, रोज सहा तास चालवतो, त्याचे ३०० तास ५० दिवसांतच भरतात. त्याने भातानंतर, भाजीपाल्याच्या आधी पुन्हा एकदा कव्हर उघडावं.

ऑइलचा हिशेब सोपा आहे. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. या इंजिनात सुमारे ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० ऑइल बसतं. इंजिन जरा गरम असताना काढा, म्हणजे गाळ सोबत निघतो. पातळी सपाट जागेवर बघा आणि ऑइल मोजायची कांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, तसंच चालवू नका. रोटरच्या शाफ्टचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइलही असंच दिसतं, तेही या वेळीच उघडून बघा.

एअर फिल्टरकडे आपल्या भागात जास्त लक्ष लागतं. राबाची राख आणि मेमधली धूळ दोन्ही फार बारीक असतात, फिल्टर फाटका असेल तर ती थेट सिलिंडर घासते. स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. कागदी फिल्टर पाण्यात घालायचा नाही, हलका आपटून झटका, काळा पडला असेल तर बदला. टिलरवर ऑइल बाथ फिल्टर असेल तर त्यातला गाळ काढून खुणेपर्यंत नवं ऑइल भरा. सोबतच प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा आणि हवेने गार होणाऱ्या इंजिनाच्या पंख्याच्या जाळीत अडकलेला पेंढा काढा.

गेल्या हंगामाचं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर ते काढून टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. कोकणच्या दमट पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाशी पाणी साचायला वेळ लागत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू काढून तीही रिकामी करा.

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला आलेला पूर नदीकाठच्यांना आठवत असेल. यंत्र पाण्याखाली गेलं तर ‘चालतंय का बघू’ म्हणून दोरी ओढू नका. आधी ऑइल आणि इंधन काढा, फिल्टर उतरवा, मग प्लग काढून दोरी सावकाश ओढत आतलं पाणी बाहेर काढा. त्यानंतर नवं ऑइल घालून थोडा वेळ चालवा आणि तेही पुन्हा बदला.

सगळं बसवून झालं की वीडर अंगणात, मोकळ्या हवेत पंधरा मिनिटं चालवा. बंद गोठ्यात नको, धूर जीवघेणा असतो. बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गरम असतानाच दोरी ओढा. पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू झाला तर गॅप बरोबर आहे. नाही झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, पुन्हा मोजा. आणि कव्हरवर रंगाने तारीख व दोन्ही गॅप लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या रोहिणीत फट वाढली की घटली ते लगेच कळेल.