नवरा-बायकोत ‘तुझं, माझं, आपलं’ कागदावर कसं आणायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या यांचं लेथचं वर्कशॉप आहे आणि मी घरी कांदा-लसूण चटणी करून विकते. फ्लॅट घेताना मी पाटल्या गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, मोडल्या, भिशीचे पैसे घातले. खरेदीपत्र मात्र एकट्या यांच्या नावावर झालं. पुढं वर्कशॉपच्या कर्जाला फ्लॅट तारण द्यायचा विषय निघाला, तेव्हा कागदात माझं नाव कुठंच नाही हे पहिल्यांदा टोचलं. त्या रविवारी आम्ही दोघं वही घेऊन बसलो.

आधी हे समजून घ्या. आंबोली उतरून गोव्यात गेलं की कायदा वेगळा. तिथं 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळं, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि लग्नानंतर ते बदलता येत नाही. आपल्याकडं लग्नानं निम्मं-निम्मं होत नाही, पण लग्नानंतरही लिहून ठेवता येतं.

वहीत तीन रकाने पाडा: तिचं, त्याचं, दोघांचं. सगळ्यात जास्त वेळ दागिन्यांना लागतो. प्रत्येक डाग, ग्रॅममध्ये वजन, कुणी आणि कधी दिला ते लिहा, पावती असेल तर जोडा. आमचं घोडं कोल्हापुरी साजावर अडलं. तो सासूबाईंनी लग्नात घातलेला. मी थेट विचारलं, “आई, साज मला दिलाय की नुसता घालायला दिलाय?” त्या म्हणाल्या, “दिलाच की! लिही तुझ्या रकान्यात.” हे माणसं असतानाच विचारावं. स्त्रीधनावर बाईचाच हक्क असतो, पण ते तिला दिलं होतं हे दाखवता आलं पाहिजे.

दागिने, खाती, गाडी, धंद्याचं भांडवल यांचा करार 500 च्या स्टॅम्पवर करून नोटरी करा. त्यात घटस्फोट झाला तर कुणाला काय, अशी कलमं घालू नका; ती सार्वजनिक धोरणाच्या विरोधात ठरू शकतात. आज कुणाचं काय, एवढंच लिहा.

घर-जमिनीला हा कागद पुरत नाही. हिस्सा द्यायचा तर बक्षीसपत्र लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती घ्या. नंतर सोसायटीच्या दप्तरात किंवा सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. थकबाकीची नोटीस आल्यावर घाईनं बायकोच्या नावावर केलेलं घेणेकऱ्यांच्या दाव्यात रद्द होऊ शकतं, म्हणून हे बऱ्या दिवसात करा.

नवीन घर घेताना खरेदीपत्रातच दोघांची नावं आणि टक्के लिहा. पैसे आपापल्या खात्यातून द्या, रोख नको. हिस्सा लिहिलेला नसेल तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणं ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा, आणि ते सिद्ध झालं नाही तर समान धरतात. माझ्या पाटल्यांची मोड-पावती मी जपली नव्हती, त्यामुळं आमच्या वहीत तो आकडा यांच्या आठवणीवरच लिहावा लागला. खाली यांनी सही केली.

मूळ कागद लॉकरात आहेत आणि झेरॉक्सचा एक संच माझ्या माहेरी, आईच्या कपाटात.