कुलूप नवं आणलं, पण गोम चौकटीत होती

शेजारच्या विंगेत चोरी झाली आणि मी तडक कुलूप आणायला गेलो. दुकानदार काका म्हणाले, "दाराची जाडी किती?" मोजली कुणी होती! परत घरी येऊन टेप लावली, ३२ मिमी. जुन्या नाइट लॅचची, म्हणजे दार ओढलं की आपोआप लागणाऱ्या कुलपाची, जीभ तिरकी, ती मागे ढकलता येते. नुसतं ओढलेलं दार मी स्वतः प्लॅस्टिकच्या कार्डाने दुसऱ्या प्रयत्नात उघडलं. म्हणून चावी फिरवल्यावर चौकोनी बोल्ट बाहेर येणारं घेतलं. बसवताना पाहतो तर बोल्ट जिच्या भोकात शिरतो ती चौकटीवरची पट्टी अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर लटकलेली, त्यातला एक बोटानेच निघाला. सुताराकडून अडीच इंची मारून घेतले. पावसाळ्यात दार फुगून बोल्ट अडकायला लागला, तेव्हा पट्टीचं भोक कानशीने जरा घासलं.