टेबल : तो, ती की ते? सोलापुरात शिकायला येणाऱ्यांसाठी

अक्कलकोट तालुक्यातलं आमचं गाव कन्नड बोलणारं. दहावीपर्यंत माझं माध्यमही कन्नडच. मराठी होती, पण एका विषयापुरती. पेपर झाला की विसरायची. अकरावी-बारावी कशीबशी मराठीत काढली आणि बी.ए.ला सोलापुरात आले.

पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये सीनियर मुलींनी ताट हातात असतानाच उभं केलं. "सांग बघू, टेबल : तो, ती की ते?" कन्नडमध्ये निर्जीव वस्तू म्हणजे सरसकट 'अदु', बाई-पुरुष हा भेद माणसांपुरता. मी म्हणाले, "ती टेबल." हशा पिकला. मग रोज नवी वस्तू : वाटी, चमचा, पाणी, पंखा. पंधरा दिवसांनी मी मेसला जाणंच सोडलं. खोलीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन झोपायचे.

नव्यानं येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. हात लावला तरच रॅगिंग, असं मलाही वाटायचं. पण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. जात, धर्म, लिंग, प्रदेश यांच्या जोडीला भाषिक ओळखीवरून दिलेला मानसिक त्रासही त्यात धरला गेला. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मी फोन केला नाही, धीर झाला नाही. पण नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता, त्याचाही आधार वाटायचा.

मी गेले ते समान संधी कक्षाकडे. म्हणजे त्या नावाची पाटी होती जिन्याखाली, आणि दाराला कुलूप. दोन दिवस कुलूप पाहून परत आले. तिसऱ्या दिवशी शिपाईमामांनी विचारलं, "कुणाला शोधतीस? ते सर दोनला तास संपला की स्टाफरूममध्ये असतात." तेव्हा उलगडलं, की हा कक्ष म्हणजे बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाकडे दिलेला जादा कारभार. खोली शोधू नका, माणूस शोधा. २०१२ च्या यूजीसी नियमांनुसार संस्थेत असा कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. त्या नियमांत जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांच्याबरोबर 'भाषा' हा शब्दही आहे. अर्जात मी तोच शब्द वापरला.

अर्ज आधी कन्नडमध्ये लिहिला. माझी वर्गमैत्रीण सोलापूरच्याच पूर्व भागातली, घरी तेलुगू, गल्लीत उर्दू. तिनं तो मराठीत नीट बसवून दिला. "दोन प्रती काढ गं," म्हणाली, "दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही." कॉलेजात मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. सरांनी सीनियर मुलींना बोलावलं, लेखी समज दिली, मेसमधला खेळ थांबला. त्यातल्या दोघी पुढं वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चालायचंच.

आता पैशांचं. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मी स्वाधारमधली. मंजुरी आली आणि पैसे मात्र येईनात. चूक माझीच होती. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. माझं आधार शाळेत असताना गावातल्या बँकेत काढलेल्या खात्याला जोडलेलं, आणि ते खातं वापराविना बंद पडलेलं. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी बघा, अर्ज नंतर भरा. उत्पन्नाचा दाखलाही तारीख बघून काढा, ३१ मार्चला बऱ्याच जणांचा संपतो. जात वैधतेबद्दल इतकंच, की बारावीत असतानाच अर्ज टाका.

माझ्या दुसऱ्या एका मैत्रिणीला दिसायचं कमी. लेखनिक मिळतो हे तिला पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर कळलं. दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण त्याचा अर्ज परीक्षा फॉर्मच्या वेळीच जायला हवा. हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

काम कॉलेजात अडलं तर केगावला सोलापूर विद्यापीठात जा, ते काही लांब नाही. २००४ च्या आधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा एका सहीसाठी लोकांनी काय केलं असेल, हा विचार मला तिथल्या रांगेत हमखास यायचा.

या सगळ्या फॉर्मांत जात, उत्पन्न, अपंगत्व यांना रकाने आहेत. पण मराठी कच्ची म्हणून मागं पडणाऱ्यासाठी कुठली योजना मला सापडली नाही. ते काम आमचं आम्हीच केलं. सुरुवातीला ती अर्ज लिहून देणारी मैत्रीण म्हणाली, नवी पेठेत जाऊन घासाघीस कर, मराठी आपोआप येईल. गेले. दोन वाक्यं बोलले नाही, तोच दुकानदारानं माझा हेल ओळखून कन्नडमध्ये भाव सांगायला सुरुवात केली. सोलापुरात मराठी शिकायची ही मोठी अडचण, समोरचा लगेच आपल्या भाषेत येतो! मग तिनं एका शंभरपानी वहीत तीन रकाने आखले : तो, ती, ते. रोज रात्री वीस शब्द.

ती वही अजून खोल्याखोल्यांतून फिरतेय, झेरॉक्स काढून काढून पुसट झालीय. टेबल 'ते'मध्ये आहे. 'वेळ' मात्र दोन रकान्यांत सापडेल. कार्यालयाच्या पाटीवरची असते ती वेळ, आणि तिथं बाकावर बसून जातो तो वेळ.